तीन वाक्यांचा धनी

१

असुओक्रोमच्या शाळेत याआधीही चोऱ्या झाल्या होत्या. एकदा घंटा गेली होती. एकदा छपराचे पत्रे गेले होते आणि पुढच्या वर्षी ते चर्चच्या छपरावर दिसले. पण देवाच्या डोक्यावरचे पत्रे काढा असं कोण म्हणणार, म्हणून ते प्रकरण तिथेच थांबलं. या खेपेला मात्र वाक्यं चोरीला गेली होती. नेमकी तीन.

वाक्यांना मालक असतो हे असुओक्रोमला तोवर माहीत नव्हतं. मुख्याध्यापक ड्वोमो सर प्रशिक्षणासाठी राजधानीत, अक्राला गेले आणि ही माहिती घेऊन परतले. सोबत एक तक्ताही आणला. 'दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत घाला. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कधी म्हणालं ते लिहा. न लिहिणारा चोर.' हा मजकूर सरांनी प्रशिक्षणाच्या हॉलमधल्या भिंतीवरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. कुठून घेतला ते खाली लिहायला जागा उरली नव्हती.

सरांनी दोन निबंध टेबलावर शेजारी शेजारी मांडले, मासेवाली मासे मांडते तसे, आणि उपमुख्याध्यापिका आसाबेआ मॅडमकडे सरकवले.

"वाचा," सर म्हणाले. "पण बसून वाचा."

मॅडम बसलेल्याच होत्या. त्यांनी वाचलं.

पहिला निबंध अफ्राकोमा नावाच्या मुलीचा. 'आमचं गाव'. मधोमध अवतरणचिन्हांत तीन वाक्यं होती: 'नदी आधी आली, गाव मागून आलं. आमच्या माणसांनी तिच्या काठावर रिकामी भांडी मांडली आणि सकाळपर्यंत ती वाहून जातात का ते पाहिलं. भांडी राहिली, म्हणून आम्ही राहिलो.' खाली लिहिलं होतं: नाना, आमच्या गावचे राजे. राजवाड्यात, वर्गाच्या भेटीच्या दिवशी.

दुसरा निबंध एबेनेझरचा. तीच तीन वाक्यं. शब्दाला शब्द. खाली लिहिलं होतं: माझे आजोबा. घरी, अंगणात.

"बघितलंत?" सर म्हणाले. "वर्ग राजवाड्यात गेला त्या दिवशी हा पोरगा तापाने घरी होता. नानांचे शब्द याच्या कानावर पडलेलेच नाहीत. म्हणजे पोरीच्या निबंधातून उचलले. आणि उचलले ते उचलले, वर नाव आजोबांचं घातलं! ही चोरीच्या वरची चोरी आहे, मॅडम. प्रशिक्षणात हिला वेगळं नाव होतं. आत्ता आठवत नाही."

"आजोबांना विचारलंत?"

"विचारलं तर. राजवाड्याच्या पायरीवर, चार वडीलधाऱ्यांच्या समोर विचारलं. म्हणाले, मी त्याला काही सांगितलेलं नाही."

एबेनेझरचे आजोबा म्हणजे बाफूर. नानांचे ओक्येआमे. राजा चारचौघांत स्वतः मोठ्याने बोलत नाही. तो पुटपुटतो, आणि ओक्येआमे सोन्याच्या मुठीची काठी धरून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. बाफूर गेली कित्येक वर्षं नानांचं तोंड होते. अशा माणसाने नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला.

"मग माझ्याकडे कशाला देता?" मॅडमनी विचारलं.

"चौकशीचा अहवाल लागतो. शुक्रवारी गुण जिल्ह्याला जाणार. पोराला शून्य, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर नाव वाचायचं."

शून्य म्हणजे मोठ्या शाळेतली जागा गेली. हे सरांनी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. वर्गात एबेनेझरइतकं लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं, हेही माहीत होतं.

मॅडम काळ्या कपड्यांत होत्या. या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी नवऱ्याला पुरलं होतं. तेव्हापासून दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो तसं त्यांचं सगळंच झालं होतं: आपलंच, पण हात लावला तर दुसऱ्याचं वाटावं असं. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही शिल्लक नव्हता. त्यांनी निबंध उचलले.

उठता उठता त्यांच्या लक्षात आलं की एबेनेझरच्या निबंधात अवतरणचिन्ह तिसऱ्या वाक्यानंतर बंद होत नव्हतं. तिथे चौथंही वाक्य होतं.

२

एबेनेझर पायरीवर बसला होता. मॅडम शेजारी बसल्या. दोघंही मैदानातल्या शेळ्यांकडे बघत राहिले.

"वाक्यं कुठून आणलीस?"

"आजोबांनी सांगितली."

"आजोबा तर म्हणतात, नाही सांगितली."

"माहीत आहे."

"मग?"

"मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, मॅडम. मला एक आणि सरांना एक. यातली कुठली अवतरणात घालायची असते? तक्त्यावर नाहीये."

पोरगा उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच नियम हवा होता. मॅडमनी थोडा विचार केला. नियम सापडला नाही.

"अफ्राकोमाचा निबंध तू बघितला होतास?"

"ती कोणाला बघू देते? पेन्सिल मागितली तरी हाताने वही झाकते."

"हे चौथं वाक्य," मॅडम म्हणाल्या आणि औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं त्यांनी ते वाचलं, "'ज्या बाईचा माणूस नदीपलीकडे गेला आणि परतला नाही, तिला चूल विझव असं कोणी म्हटलं नाही, तिच्या घरी पाणी तापत राहिलं.' हे अफ्राकोमाच्या निबंधात नाही."

"तिने गाळलं असेल. तिला बायकांच्या गोष्टी आवडत नाहीत. ती पायलट होणार आहे."

मॅडमनी कागदाची घडी घातली. समोर नसलेलं वाक्य उतरवणारा चोर त्यांनी अजून बघितला नव्हता. आणि हे वाक्य पोराने स्वतः रचलं असेल असंही वाटेना. तेरा वर्षांच्या पोराला कोणाच्या घरी पाणी तापतंय याच्याशी काय देणंघेणं?

"आजोबांच्यावर राग आला का?"

एबेनेझरने पायाच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढली.

"त्यांना तसं म्हणावंच लागलं असणार," तो म्हणाला. "पण का, ते मला सांगत नाहीत. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त जेवायला ये आणि झोप आता, एवढंच बोलतात."

३

अफ्राकोमा मधल्या सुट्टीत सापडली. एका हातात आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, केंकी, दुसऱ्यात तळलेला मासा, आणि तोंडात दोन्ही.

"मी स्वतः ऐकलं, मॅडम. नानांच्याच तोंडून. सगळा वर्ग होता. विचारा कोणालाही."

"तीन अख्खी वाक्यं शब्दाला शब्द कशी उतरवलीस?"

"हळू बोलत होते ना. आणि केवढा खणखणीत आवाज! मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होता."

मॅडमनी मान डोलावली. पोरगी खरं बोलत होती. त्या जायला निघाल्या, तेवढ्यात अफ्राकोमा मागून म्हणाली, "मॅडम, त्याला शून्य देऊ नका. मला वर्गात हरवायला दुसरं कोणीच नाही."

उरली ग्लोरिया. बाजाराच्या तोंडाशी तिचं टायपिंगचं दुकान होतं. प्रशिक्षणानंतर ड्वोमो सरांनी निबंध टाइप करूनच हवेत असं फर्मान काढलं होतं, त्यामुळे दोन्ही निबंध तिच्या हातून गेले होते. एका पोराचं दुसऱ्याच्यात चिकटलं असेल तर इथेच.

"दुए, मॅडम," ग्लोरिया आधी म्हणाली. सांत्वनाचा हा शब्द मॅडम इतके महिने रोज ऐकत होत्या, त्यामुळे तो आता सुप्रभातासारखा वाटे. मग ग्लोरिया मूळ विषयावर आली. "मी चिकटवलं? मी? मी टाइप करताना वाचतसुद्धा नाही. वाचायला लागले तर रडू येईल, असली असली पत्रं लिहितात या गावातले पुरुष."

"आधी कोणाचा टाइप केलास?"

"पोराचा. डीपी जळायच्या आधी. रविवारी डीपी जळली ना? त्याच्या आदल्या दिवशी प्रिंट काढून दिला. पोरगा तेव्हाच फणफणला होता. खुर्चीला हात लावला तर खुर्ची गरम. पोरीचा नंतर केला, भावाच्या जनरेटरवर. डिझेलचे जादा पैसे मागितले तर म्हणते, मी पायलट होणार आहे, तेव्हा देईन."

"रविवारच्या आधी? नक्की?"

"डीपी जळल्यावर माझ्या दुकानात फक्त माश्या चालू होत्या, मॅडम."

मॅडम दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. वर्ग राजवाड्यात गेला होता मंगळवारी.

म्हणजे एबेनेझरने वाक्यं लिहिली, टाइप केली, छापून आणली. आणि त्यानंतर नाना ती बोलले.

४

"काय सांगताय?" ड्वोमो सर म्हणाले.

मॅडमनी पुन्हा सांगितलं.

"मग पोरीने त्याची उचलली."

"पोरीने राजवाड्यात ऐकली. सबंध वर्ग साक्षीला आहे. तुम्हीही होतात, सर. पहिल्या रांगेत."

सरांना ते आठवलं. त्यांनी तर मानही डोलावली होती. "मग याचा अर्थ..." ते बोलू लागले आणि वाक्य अर्ध्यावर सोडून उठून खिडकी लावून आले. "याचा अर्थ नानांनी एबेनेझरचं उचललं?"

"कागदांवरून तरी तसंच दिसतं."

"मॅडम, हे अहवालात घालू नका."

"बरं."

"कुठेच घालू नका. मला अजून निवृत्त व्हायचंय." सरांनी तक्त्याकडे पाहिलं. न लिहिणारा चोर. तक्ता भिंतीवर ठोकताना आपण एवढा लांबचा विचार केला नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. "शुक्रवारी पोराला शून्य. ठरलं. राजापेक्षा पोरगं बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी नेहमीसारखं पातेलं चुलीवर ठेवलं. दोघांच्या आंघोळीचं पाणी. रोज दुपारी त्यातलं अर्धं त्या केळीच्या बुंध्याशी ओतत. कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

पातेल्याकडे बघत असताना त्यांना कळलं की चौथं वाक्य आपण आधी ऐकलं आहे.

नवऱ्याला पुरलं त्या दिवशी. मोठ्या छत्रीखाली नाना बसले होते, आणि नानांचा निरोप त्यांच्यापर्यंत आला होता: 'तुला चूल विझव असं कोणी म्हणणार नाही. पाणी तापत राहू दे.' त्या दिवशी शेकडो माणसं बोलली होती. मॅडमना तेवढंच एक आठवत होतं. नाना असं म्हणाले, हे त्यांनी बहिणीला फोन करून सांगितलंही होतं.

आणि नानांचा आवाज? नानांचा आवाज त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. गावात कोणी ऐकला होता? नानांच्या गळ्यातून निघतं ते पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही. तरी सगळा गाव म्हणतो, नाना म्हणाले. अफ्राकोमा म्हणाली, खणखणीत आवाज. त्यांनी स्वतः मान डोलावली. एवढी वर्षं इंग्रजीचे तास घेऊन, कोण म्हणालं ते लिहा असं पोरांना सांगून, त्यांनी मान डोलावली.

मंगळवारी वाड्यात, त्याआधी अंगणात, आणि त्याच्याही आधी कबरीपाशी: तिन्ही ठिकाणी एकच तोंड होतं.

५

बाफूर अंगणात भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते. काठी आत होती. काठीशिवाय ते कोणाचेही आजोबा दिसत.

"दुए," ते म्हणाले आणि शेंगांची ताटली पुढे केली.

"मंगळवारी वाड्यात पोरं आली होती," मॅडम म्हणाल्या. "नाना काय म्हणाले तेव्हा?"

"तुमच्या पोरीने लिहिलंय ना?"

"तुमच्या कानात काय म्हणाले?"

बाफूरनी एक शेंग फोडली, आत बघितलं, टाकली. दुसरी घेतली.

"नाना म्हणाले, 'पोरांना नदीचं सांग.'"

"एवढंच?"

"राजाने याहून जास्त बोलायचं नसतं. मी सांगितलं. म्हणजे नानांनी सांगितलं."

"आणि एबेनेझरला?"

"त्याला ताप होता. झोप लागत नव्हती. पोरगं तळमळत होतं, म्हणून बोललो." त्यांचा आवाज घरगुती होता, वाड्यातल्यापेक्षा निम्मा. "तो ते लिहून ठेवेल हे मला काय ठाऊक? आमच्या वेळी पोरं ऐकायची आणि विसरायची. चांगली पद्धत होती."

"ते त्याला कोणी सांगितलं? नानांनी की तुम्ही?"

बाफूरनी टरफलं गोळा करून बाजूला सारली.

"ओक्येआमे, तक्त्यावर नसला तरी लिहिण्याचा एक नियम आहे. एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तर दोघांचीही नावं लिहायची. नाना, बाफूर यांच्या तोंडून. दोघंही सुटतात."

"दुसरं नाव लिहिलं की पहिलं लहान होतं, मॅडम. आज पोराच्या निबंधात माझं नाव. उद्या दरबारात कोणीतरी विचारणार, हे नाना म्हणतात की बाफूर? परवा म्हणणार, नाना, तुम्हीच बोला. आणि नाना बोलले तर?" त्यांनी हात पुसले. "मला स्वतःचं म्हणणं नाही. त्यासाठीच काठी माझ्याकडे आहे. 'हे माझे शब्द' असं मी एकदा जरी म्हटलं तरी ती गेली, आणि माझ्या आधीच्या सगळ्यांचं बोलणंही गेलं."

"माझ्या नवऱ्याच्या वेळी," मॅडम म्हणाल्या, "नाना काय म्हणाले होते?"

म्हाताऱ्याने खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं.

"नाना म्हणाले, 'बाईला बरं वाटेल असं काहीतरी बोल.'"

"बरं," मॅडम म्हणाल्या. आत काहीतरी तुटेल म्हणून त्या थांबल्या. काही तुटलं नाही. फक्त ताटली रिकामी झालेली दिसली, आणि सगळ्या शेंगा आपणच खाल्ल्या हे कळलं.

त्या उठल्या.

"शुक्रवारी सगळ्यांसमोर त्याचं नाव वाचतील. त्याने तुमच्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. 'त्यांना तसं म्हणावंच लागलं असणार' असं म्हणाला. हे त्याचे शब्द आहेत, ओक्येआमे. मी फक्त सांगते आहे."

६

शुक्रवारी प्रार्थनेच्या आधी बाफूर शाळेत आले. हातात काठी, खांद्यावरून नीट घेतलेलं वस्त्र, मागे दोन वडीलधारे. ड्वोमो सर इतक्या घाईने उठले की खुर्ची पडली. एबेनेझर भिंतीशी उभा होता, मॅडम त्याच्या शेजारी.

बाफूरनी काठी जमिनीवर टेकली. आवाज खोलीभर झाला.

"नाना म्हणतात: नदीची गोष्ट माझी. ती मी माझ्या ओक्येआमेच्या तोंडी ठेवली आहे. त्याच्या घरी एक पोर तापाने पडलं होतं, म्हणून मी ती त्याच्याकडे आधी पाठवली आणि इतरांकडे मागून. पोराने ती घेतली. चोरली नाही."

हे नाना कधी म्हणाले, कुठे म्हणाले, असं कोणी विचारलं नाही. तक्ता भिंतीवरच होता.

"नानांची कृपा," ड्वोमो सर म्हणाले. इतकं सुटल्यासारखं त्यांना अक्राहून परतल्यापासून वाटलं नव्हतं. "म्हणजे चोरी नाहीच. फक्त संदर्भ चुकला! संदर्भ दुरुस्त करता येतो. प्रशिक्षणात होतं. एबेनेझर, इकडे ये. हे 'माझे आजोबा' खोड आणि 'नाना' लिही. मग पूर्ण गुण."

एबेनेझर टेबलापाशी आला. पेन घेतलं.

"पण मला नाना भेटले नव्हते, सर."

"त्याने काही बिघडत नाही."

"अंगणात आजोबाच होते."

"अरे, आत्ता काय ऐकलंस?"

पोराने आजोबांकडे बघितलं. ओक्येआमे काठीच्या मुठीवरच्या सोनेरी पक्ष्याकडे बघत होते. काठी हातात असताना त्यांना नातू नव्हता.

मग तो मॅडमकडे वळला. "मॅडम, काय लिहू?"

खरं काय ते त्यांना माहीत होतं. खरं लिहिलं तर काठी जाते. न लिहिलं तर तक्त्यावरचं सगळं पाळणारा वर्गातला एकटा मुलगा तेच पुसून मोठ्या शाळेत जातो. आपल्याला वाईट वाटतंय का, हे त्यांनी चाचपून पाहिलं. कुठेतरी खोलवर, सुईचा अंमल उतरताना वाटतं तसं काहीतरी ठुसठुसलं.

"सर सांगतात तसं लिही," त्या म्हणाल्या. "पण खोडताना एकच रेघ मार. खालचं वाचता येईल अशी."

त्याने एकच रेघ मारली. 'माझे आजोबा'वरून, सरळ. वर 'नाना' लिहिलं. ड्वोमो सरांनी गुण घातले, सही केली, आणि प्रार्थनेची घंटा द्यायला स्वतः गेले.

शाळा सुटली तेव्हा बाफूर फाटकाशी थांबले होते. वडीलधारे निघून गेले होते. आजोबा आणि नातू नदीच्या वाटेने चालू लागले. मॅडमचं घर त्याच बाजूला, त्या थोड्या अंतराने मागे.

पुलाजवळ म्हाताऱ्याने घसा साफ केला. किती तरी दिवसांनी त्याला काहीतरी सांगायचं होतं. आवाज घरगुती होता, निम्मा. "एबेनेझर," तो म्हणाला, "या पुलाच्या आधी इथे..."

"थांबा, आजोबा," पोरगा म्हणाला. रागाने नाही, वर्गात हात वर करून विचारावं तसं. "आधी सांगा. हे कोण म्हणतंय?"

बाफूरनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग परत पहिल्या हातात घेतली. दोघं चालत राहिले.

मॅडमचं वळण आलं, तशी त्या वळल्या. तोवर तरी उत्तर आलेलं नव्हतं.